वाढणारीचं ताट

डोंगराच्या पायथ्याशी झेंडूचा मळा करणारं एक घर होतं. घरात म्हातारे दाजीबा, त्यांचे दोन मुलगे, दोन सुना आणि पोरांचं लेंढार. थोरली सून गोजरा, धाकटी तारा. दर रविवारी त्या घरात एक कोंबडी शिजे.

गोजराच्या हाताला चव होती, पण करणं अगदी साधं. हळद, मीठ, आलं-लसूण लावून कोंबडी शिजवायची. तिखट घालण्याआधी तिचं अळणी पाणी वाट्यांत काढून पोरांना प्यायला द्यायचं. मग भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि तिखट घालून चांगली उकळी आणायची. भाकऱ्या थापून होईतो रस्सा तयार.

त्या घरचा एक रिवाज होता. वाढणारीने कुणाला नाही म्हणायचं नाही. जो मागेल त्याला वाढायचं. आधी पुरुष जेवत, मग पोरं, सर्वांत शेवटी सुना. गोजरा धाकटीला ताट देई आणि स्वतः मात्र चुलीकडे तोंड करून, पदर पुढे ओढून जेवे.

ताराच्या ताटात दर रविवारी एक पंख येई. पहिल्यांदा तिला काही वाटलं नाही. पुढे वाटू लागलं. माणूस असं पाठ फिरवून का जेवतं? पदराआड तंगडी असणार, दुसरं काय! वाढपी ओळखीचा असला की पंगतीत कुठेही बसावं म्हणतात; इथे तर वाढपीण स्वतःच्याच ओळखीची होती. संशयाला खायला घालावं लागत नाही, तो आपला आपण वाढतो. ताराचाही वाढला.

शेवटी तिने नवऱ्यामागे लकडा लावला, की आपली चूल वेगळी मांडा. नवऱ्याने बिचकत बापाकडे गोष्ट काढली. दाजीबांचा चेहरा उतरला. रविवारचं जेवण एकत्र होऊ द्या, मग सोमवारी काय ते करा, एवढंच ते म्हणाले.

नेमकी रविवारी गोजरा तापाने अंथरुणाला खिळली. रांधणं आणि वाढणं ताराकडे आलं. आज तरी पोटभर खाऊ, असं ती मनात म्हणाली. तिने रस्सा झकास केला. दाजीबांनी दोनदा मागून घेतला. दीर म्हणाला, आज बेत जमलाय, आणखी वाढ. नवरा काही मागे राहिला नाही. पोरांनी तर ताटं चाटून पुन्हा पुढे केली. तारा वाढत गेली.

सगळे उठले आणि तिने पातेल्यात पळी फिरवली. तळाशी थोडा रस्सा होता आणि एक पंख.

तारा त्या पंखाकडे बघतच राहिली. दर रविवारी तिच्या ताटात येई, तो हाच. पातेल्यातला शेवटचा तुकडा. मग इतके दिवस गोजराआक्का काय खात होत्या? तिला स्वतःची विलक्षण लाज वाटली.

तिने तो पंख ताटात घातला, भाकरी कुस्करली आणि गोजराच्या उशाशी जाऊन बसली.

"तुला काय उरलं?" गोजराने विचारलं.

माझं झालं, असं म्हणायला तारा तोंड उघडणार होती. पण ती थांबली.

"काहीच नाही, आक्का. तुम्हालाही कधी उरलं नाही. मग सांगितलं का नाहीत?"

"खाण्यावरून काय तक्रार करायची, बाई?" गोजरा म्हणाली. "लाज वाटते."

तारा उठली आणि ओट्यावर गेली. तिथे पुरुषमंडळी सुपारी कातरत बसली होती.

"मामंजी, चूल वेगळी नको," ती म्हणाली. "चूक माझी झाली. पण पुढच्या रविवारपासून आम्हा दोघींची ताटं आधी वाढून ठेवणार. मागाहून उरेल त्यात तुम्ही सगळे."

दाजीबांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "आमच्या हे ध्यानातच आलं नाही, पोरी. तसंच कर."

पुढच्या रविवारी गोजरा बरी होऊन चुलीपाशी आली. ताराने तिच्यापुढे ताट ठेवलं. त्यात अख्खी तंगडी होती.

"हे कुणाचं?" गोजराने विचारलं.

"तुमचं."

गोजरा ताटाकडे बघत बसली. सुरुवात कुठून करावी, हे तिला कळेना.

तात्पर्य: जो सर्वांना वाढतो त्याचा वाटा आधी काढून ठेवावा, आणि आपल्याला काही उरत नाही, हे घरच्यांना सांगायला लाजू नये.