जाड तार

"पण मिस्त्री, अकरा वर्षांत एकदाही भांडण नाही. मग ती गेली कशी?"

दिगंबरने हे विचारलं तेव्हा कादरमिस्त्री त्याच्या फ्यूजबोर्डापाशी स्टुलावर उभे होते. मी वाटी परत द्यायला गेले होते. वाटी दिली, पण पाय निघेना.

भांडण नव्हतं हे खरंच. आमची भिंत एकच, कान माझे शाबूत. त्याच्या बायकोने, मंजिरीने, काही बोलायला घेतलं की दिगंबर म्हणायचा, "विषय बंद." पुढे नुसती भांडी वाजायची.

चैत्रात ती माहेरी गेली, ती गेलीच. आता घटस्फोट झालाय, आणि घर विक्रीला. घेणाऱ्यांचा इंजिनियर चार वाजता वायरिंग तपासायला येणार होता. नापास झालं तर सौदा मोडणार. दिगंबर आता लायसन्सवाला ठेकेदार, पण शिकलेला मिस्त्रींच्याच हाताखाली. म्हणून त्यांना बोलावणं.

"नवं झाकण आणलंय," तो म्हणाला. "वरून चकाचक करू. आत कोण बघतंय?"

"ताप आलेल्याला पावडर लावतोस होय रे?"

मिस्त्रींनी मेन स्विच पाडला, फ्यूज ओढून काढला. आत सुतळीएवढी जाड तांब्याची तार.

"ही कुणी घातली?"

"मीच. बारीक तार सारखी जळायची, उठसूट अंधार. ही घातल्यापासून फ्यूज एकदाही उडाला नाही." मान ताठ.

"भिंतीला हात लाव... तळहात नव्हे, उलटा. एवढंही विसरलास?"

दिगंबरने बोर्डाच्या वर हात टेकला. चटकन मागे घेतला.

मिस्त्रींनी पेचकसाने गिलावा खरवडला. आतल्या वायरींची आवरणं वितळून काळी पडली होती.

"ती जळायची, म्हणून भिंत शाबूत होती."

...

दिगंबर खाली बसला. माझ्या हातात वाटीची रिकामी पिशवी, तिच्या मी उगाच घड्या घालत राहिले.

"इंजिनियरला हे उघडंच दाखवतो," तो शेवटी म्हणाला. "वायरी सगळ्या बदलू. तार बारीकच घालू. फ्यूज उडाला तर उडू दे..." मग एकदम वर बघून, "मिस्त्री, मंजिरीला फोन करू? म्हणतो, बोल. काय ते सगळं बोल."

मिस्त्रींनी पिशवीतून बारीक तारेचं रीळ काढलं. हातभर तोडली, त्याच्या तळहातावर ठेवली.

"ही आता घर घेणाऱ्यांसाठी आहे, दिगू."