माटिल्डाच्या आईची तीन नावे

एका राज्यात, जिथे निम्मे वर्ष बर्फच पडे, एक मोठे उमराव घराणे होते. कुळाचा अभिमान असा की नव्या बाळाला नवे नाव ठेवणे म्हणजे घराला बट्टा. पणजा कोनराड, तर पणतूही कोनराडच. पण त्यांच्या एका पूर्वजाने चेटकिणीला दलदलीत हाकलले होते आणि जाता जाता ती शाप देऊन गेली, "तुमचे मेलेले आपापली नावे परत मागतील." तेव्हापासून दिवेलागणीला कधीमधी तळघरातल्या थडग्यांतून हाक येई. त्या नावाचे लेकरू भाबडेपणाने 'ओ' देई आणि सकाळी थंड पडलेले सापडे. नाव मोठे, लक्षण खोटे म्हणतात ते हेच.

या घरात ओदिलिया सून म्हणून आली. तिचे दोन मुलगे असेच गेले. दोघांच्याही बारशाला तिने वेगळे नाव सुचवले होते आणि सासरची माणसे हसली होती. आता उरली होती एकटी माटिल्डा, पणजीच्या नावाची.

एका संध्याकाळी थडगे बोलले, "माटिल्डा." ओदिलियाने धावत जाऊन लेकीचे तोंड दाबून धरले. 'ओ' आतच राहिली, पण पोरीचे पाय बर्फासारखे गार पडले.

खिडकीत बसलेला डोमकावळा म्हणाला, "सरदारीणबाई, असे तोंड किती दिवस दाबाल? दलदलीत जा. जिने बांधले तीच सोडवील."

"आपल्या घरची बाई चेटकिणीच्या दारी जात नाही," तिचे यजमान, म्हणजे घरचे उमराव, म्हणाले.

"आपल्या घरची मुले मात्र थडग्यात जातात," ओदिलिया म्हणाली आणि निघाली.

चेटकीण वेताच्या झोपडीत बसली होती. तिने सांगितले, "मेलेले नावाचे भुकेले आहेत. कोणी जिवंत माणसाने आपली तीन नावे राजीखुशीने दिली, तर ते कायमचे निजतील. आधी बापाने ठेवलेले नाव दे."

ओदिलियाने ते दिले. त्याबरोबर बापाचा आवाज तिच्या आठवणीतून गेला.

"आता नवऱ्याच्या घरचे दे."

तिने सरदारीणपण दिले. बोटातली अंगठी आपोआप गळून चिखलात बुडाली.

"आता लेक ज्या नावाने हाक मारते, ते."

इथे मात्र ती मटकन खाली बसली. कोण नाही बसणार? रडून झाल्यावर तिने विचारले, "पोर जगेल?"

"जगेल. म्हातारी होईल."

"मग घे."

ती परतली तेव्हा देवडीवरच्या शिपायाने विचारले, "कोण तुम्ही?" तिला सांगता येईना. मालकांनीही तिला ओळखले नाही, पण दया येऊन मुलीची दाई म्हणून ठेवून घेतले. थडगी मुकी झाली होती. पुढे त्या घरात पुष्कळ बाळे जन्मली, त्यांना हवी ती नावे मिळाली आणि ती धडधाकट वाढली.

ती परतली त्या दिवशी माटिल्डा जिन्यात बसून पाव खात होती. तिचे पाय उबदार होते. ती म्हणाली, "बाई, माझी वेणी सुटली आहे. घालून द्याल?"

तिने वेणी घातली. जरा वाकडीच झाली.

"तुम्हाला काय म्हणून हाक मारू?"

"काहीही म्हण, पोरी. मी ओ देईन."

कहाणी इथे थांबली. ऐकणाऱ्यांच्या घरची लेकरे म्हातारी होवोत.