डोबाचे नाव

फार जुन्या काळी, माणसाकडे शब्द अगदी मोजके होते तेव्हा, एका नदीकाठच्या घळीत माणसांचा एक जथा राहत होता. बातमी आली तो दिवस इतर दिवसांसारखाच उजाडला होता. बायका कंद भाजत होत्या आणि जथ्याचा म्होरक्या, थोरला, दगडावर दगड घासत बसला होता. वेगळे एवढेच, की नदी एकाएकी आटली होती. चिखलात मासे तडफडत होते आणि लोक हसत हसत ते वेचत होते.

मुलांनो, आणि मोठ्यांनो, त्या लोकांचा एक नियम सांगायला हवा. जी वस्तू समोर आहे तिचेच नाव घ्यायचे. 'बिबट्या' अशी हाक आली की सगळे झाडावर चढत. 'साप' म्हटले की पाय उचलत. कोणी उगाच हाक दिली, तर पुढच्या खऱ्या हाकेला लोक हलणार नाहीत आणि कुणाचा तरी जीव जाईल. म्हणून खोट्या हाकेला शिक्षा होती. सगळे त्या माणसाकडे पाठ करत. एकदा पाठ फिरली, की त्याने जथा सोडून जायचे. या नियमाने त्यांना पुष्कळदा वाचवले होते.

त्या दिवशी हुमी नावाची बाई वरच्या अंगाने धावत आली. ती आपल्या नवऱ्याबरोबर, डोबाबरोबर, मध काढायला गेली होती. तिथे डोंगराचा कडा कोसळला. डोबा त्याखाली गेला. कड्याने नदी अडवली आणि मागे पाणी चढत राहिले. दगडामातीच्या त्या बांधातून ते झिरपू लागलेले हुमीने पाहिले आणि ती खाली पळत सुटली. घळीत तिची म्हातारी आई होती. आईला चालता येत नव्हते. तिला वर न्यायला दोन माणसे तरी लागली असती.

"पाणी!" हुमी ओरडली. "पाणी! पाणी!"

लोकांनी नदीकडे पाहिले. एक तरुण हातात मासा नाचवत म्हणाला, "पाणी? हे बघ पाणी!" आणि त्याने चिखलाचा गोळा तिच्या डोक्यावर थापला. सगळे खदखदून हसले.

"हुमे, बस. मासा खा," एक बाई म्हणाली. "तोंड बघ कसं लाल!"

हुमीला डोबाचे सांगायचे होते. तिच्याकडे त्याचे नाव तेवढे होते. "डोबा," ती म्हणाली. सगळ्यांनी तिच्या मागे पाहिले, तो येत असेल म्हणून. मागे कोणी नव्हते.

थोरल्याने हातातला दगड खाली ठेवला. "पाणी नाही. डोबा नाही," तो म्हणाला.

मग हुमीने एक गोष्ट केली. तोवर तसे कोणी केले नव्हते. चिखलात एक बारीक धार वाहत होती. तिच्यावर हुमीने मातीचा बांध घातला. खालच्या बाजूला शिंपले मांडले आणि एकेका शिंपल्याला बोट लावून एकेका माणसाचे नाव घेतले. बांधामागे पाणी साचले. बांध फुटला आणि शिंपले वाहून गेले. मग तिने डोंगराकडे हात केला.

पोरांनी टाळ्या पिटल्या. त्यांना तो खेळ वाटला.

एकट्या म्हातारीला ते कळले. ती वाहत जाऊन उलट्या पडलेल्या शिंपल्यांकडे पाहत राहिली. मग डोंगराकडे पाहून तिने दोन शब्द एकमेकांना जोडून उच्चारले. "डोंगर. पाणी."

"डोंगर आहे," थोरला म्हणाला. "पाणी नाही."

तो उठला आणि त्याने हुमीकडे पाठ केली. त्याच्यामागोमाग इतरांनी केली. जिने तिला मासा खायला बोलावले होते, तिनेही केली.

हुमीने आईला पाठीवर घ्यायचा प्रयत्न केला. चढाच्या पहिल्याच दगडावर दोघी पडल्या. ती पुन्हा वाकली, पुन्हा पडली. आईच्या गुडघ्यातून रक्त येऊ लागले.

"जा, पोरी," आई म्हणाली.

"नाही."

"जा."

हुमी तिच्या हाताला धरून बसून राहिली. तेव्हा म्हातारीने हात सोडवून घेतला. कष्टाने, दोन्ही तळवे जमिनीला टेकत, ती वळली आणि तिने आपल्या लेकीकडे पाठ केली. पाठ फिरली की जायचे, हा नियम पाळणाऱ्यांतली हुमी होती. ती उठली आणि पलीकडचा डोंगर चढू लागली.

ऊन कलायच्या आत पाणी आले. घळीत काही उरले नाही.

मासे वाळवायला उंच कातळावर गेलेली काही माणसे आणि पोरे तेवढी वाचली. घारी हाकलायला थोरला त्यांच्याबरोबर वर चढला होता, म्हणून तोही वाचला. त्याची बायको आणि मुले खाली होती.

ती माणसे कातळावर बसून होती. खाली गढूळ पाणी फिरत होते. शेवटी थोरल्याने आपल्या मुलीचे नाव घेतले. ती समोर नव्हती. नियमाप्रमाणे ही खोटी हाक होती. त्याने मान खाली घातली आणि पाठी फिरण्याची वाट पाहिली.

कोणी पाठ फिरवली नाही. शेजारच्या बाईने तिच्या मुलाचे नाव घेतले. मग दुसऱ्याने आपल्या भावाचे. कोणीतरी अडखळत म्हणाले, "डोबा." या वेळी कोणी मागे वळून पाहिले नाही.

म्हणतात, माणूस खऱ्या अर्थाने बोलू लागला तो तिथे. जे नाही त्याचे नाव त्याला घेता येऊ लागले. पुढे त्याला काल सांगता आला, उद्या सांगता आला, डोंगरापलीकडचे सांगता आले. त्या जथ्यातली उरलेली पोरे मोठी झाली, आणि कोणी धावत येऊन न दिसणारे काही सांगू लागला, तर ती आधी हातातले काम थांबवत.

जे आपल्याला दिसत नाही ते सांगायला कोणी जिवाच्या आकांताने आला, तर पाठ फिरवण्याआधी त्याचे पुरते ऐकून घ्यावे.

हुमी पलीकडच्या डोंगरावर होती. तिच्याकडे फिरवलेली पाठ मात्र तशीच राहिली; तिला परत ये म्हणून हाक कोणी दिली नाही.