राजाने दिलेले तीन शब्द

एका राज्यात रत्नशेखर नावाचा राजा होता. त्याच्या मुकुटात तीन कोंदणे होती आणि तिन्ही रिकामी होती. एके दिवशी दरबारात एक मांत्रिक आला.

"महाराज, एक शब्द द्या, एक रत्न घ्या."

राजा हसला. शब्द दिल्याने काय जाते? वस्तू तर जागच्या जागीच राहते! त्याने सावली हा शब्द दिला. तांबडे रत्न मिळाले. दुसऱ्या दिवसापासून माणसे वडाखालून जात, पण थांबत नसत. मग राजाने लहानपण हा शब्द दिला. निळे रत्न मिळाले. म्हाताऱ्यांना वाटू लागले, आपण काठी घेऊनच जन्मलो.

त्याच सुमारास राणीला मुलगी झाली. मांत्रिक म्हणाला, "तिसरा शब्द मी निवडीन. आणि बाराव्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत ज्याला नाव नसेल, ते माझे."

राजाने मान डोलावली. मांत्रिकाने शब्द निवडला, बहीण. पांढरे रत्न मिळाले. त्याच्याबरोबर ताई हा शब्द गेला, आत्याही गेला.

त्या राज्यात बाळाचे नाव बापाच्या बहिणीनेच ठेवायचे अशी रीत होती. दुसऱ्या कुणी ठेवलेले नाव बाळाला चिकटत नसे. आता नाव ठेवणारे कुणी उरलेच नाही. बिननावाच्या लेकीवर राणीची नजर ठरेना. पाळण्यात पाही, तर तिला दुपटेच दिसे. बाळाचे रडणे बारीक होत गेले.

बाराव्या दिवशी राजाची थोरली बहीण कुमुद्वती बारशाला आली. तिला नदीपलीकडे दिले होते. सासरी राज्य वेगळे, भाषा वेगळी. तिच्याजवळचे शब्द राजाने दिलेच नव्हते.

"मी राजाची बहीण," ती म्हणाली.

पहारेकरी उन्हात पाय भाजत उभा होता. "राजाची काय? बाई, नीट बोला."

तटावर राणीची साळुंकी बसली होती. तिने घडले ते सगळे सांगितले आणि म्हणाली, "शब्द माणसांनी दिले, आम्ही पाखरांनी नाही. हरवलेली गोष्ट शब्दावाचून कुणी ओळखली, की तिचे रत्न फुटते. पहिल्यापासून सुरू कर."

कुमुद्वतीने पहारेकऱ्याला हाताला धरून वडाखाली नेले. "पायांना विचार, काय वाटते?"

त्याने भाजलेले तळवे मातीत रोवले. "भर दुपार आहे, आणि इथे मात्र दुपार नाही," तो म्हणाला आणि मटकन खाली बसला. तांबडे रत्न फुटले.

पहारेकऱ्याने तिला आत सोडले. दरबारात बारशाचा पाळणा बांधला होता आणि शेजारी बोळक्या तोंडाचा प्रधान उभा होता. तिने त्याच्या हातावर भाजलेले चिंचोके ठेवले.

"बाई, थट्टा करता काय? दात कुठे आहेत मला?"

"चावू नका. नुसते चघळा."

प्रधानाने चघळले. त्याचे डोळे भरले. "मी एवढासा होतो," तो गुडघ्यापाशी हात धरून म्हणाला, "आणि आई खिसे तपासत होती." निळे रत्न फुटले.

सूर्य तटाला टेकला. मांत्रिक आला आणि त्याने पाळण्याची दोरी हातात घेतली.

"रत्नशेखर, माझ्याकडे बघ," कुमुद्वती म्हणाली.

"राजाला एकेरी हाक? कोण तू?"

"विहिरीत पडला होतास. आठवते?"

राजा चपापला. आता आठवत होते. "कुणीतरी वरून वेणी सोडली होती. ती धरून मी वर आलो. पण कोणी, ते दिसत नाही. तिथे भोक आहे."

"लोंबकळलास कसला, मेल्या! माझी मान तेव्हापासून डावीकडे कलली, ती अजून सरळ होत नाही."

राजाने तिची कललेली मान पाहिली. शब्द सापडत नव्हता. तो चाचरत, एकेक पाऊल टाकत पुढे आला.

"माझ्या आधी आईच्या मांडीवर बसलेली... माझा मार स्वतः खाल्लेली... ती ही."

पांढरे रत्न तडकले. राजाच्या तोंडून आपसूक निघाले, "ताई!"

"रडायला नंतर वेळ आहे," ती म्हणाली आणि पाळण्यावर वाकली. बाळाच्या कानात कुर्रर्र करून तिने नाव सांगितले. बायकांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत धपाधप थापट्या घातल्या. सूर्य बुडाला. मांत्रिकाने दोरी ओढली, तर त्याच्या हाती नुसती दोरीच आली. ती घेऊन तो राज्याबाहेर गेला.

तेवढ्यात राणी दचकली. "अगं बाई," ती म्हणाली, "केव्हाची रडते आहे ही!" आणि तिने लेकीला उचलून पदराखाली घेतले.