पंत सोनवळला काय विसरले

कळसगडच्या गंभीररावांना अन्न गोड लागेना. शेजारच्या सोनवळच्या राजाकडून दर दसऱ्याला सोन्याबरोबर एखादी नवलाईची वस्तू यायची. एकदा कसाही हलवला तरी तेल न सांडणारा दिवा आला, एकदा ओतताना थेंबही न ओघळणारा तांब्या आला. आणि कळसगडाहून सोनवळला काय जायचं? तोच आजोबांच्या वेळच्या घाटाचा हंडा. यंदा तर भेट घेऊन आलेला सोनवळचा जासूद हंडा बघून म्हणाला, "अरे वा, हे तर आमच्या ओळखीचे!" आणि त्याने हंड्याला रामराम केला. ते राजांच्या जिव्हारी लागलं.

"त्यांच्या कारखान्यात सारखं नवं निघतं, मग आपल्याच का निघत नाही? अभ्यास करून या," असं सांगून त्यांनी दिवाण भास्करपंतांना सोनवळला धाडलं. पंतांनी तिथे पावसाळाभर मुक्काम ठोकला, पाहुणचार झोडला आणि परत येऊन हुबेहूब तसाच कारखाना बांधून घेतला. तीच भट्टी, तेच भाते, दारात तसाच पहारेकरी. नावही दिलं झोकात: नवलखाना. कारागिरांवर एक अंमलदार, अंमलदारावर एक देखरेख्या आणि देखरेख्यावर स्वतः पंत. एवढा लवाजमा जमल्यावर नवलखान्यातून निघालं काय? हंडाच. जरा जास्त चकचकीत होता, इतकंच.

राजांचं डोकं फिरलं. त्यांनी हुकूम सोडला, "येत्या दसऱ्याला कुणी न पाहिलेली वस्तू निघालीच पाहिजे, आणि ती करताना एकही भांडं बिघडता कामा नये. नाही जमलं तर धोंडबा तांबटाने बिऱ्हाड उचलून गड उतरावा."

धोंडबा नवलखान्याचा थोरला कारागीर. बिचाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. गडावर एक जुना रिवाज होता. ज्याच्या हातून भांडं बिघडेल, त्याच्या गळ्यात ते बांधून त्याला भर बाजारातून फिरवायचं. लोक त्याला मोडीचा हार म्हणत. तरुणपणी धोंडबाने एका नव्या घाटाची झारी करून बघितली होती. पत्रा चिरला, हार गळ्यात पडला आणि बाजारभर पोरं मागे लागली. तेव्हापासून त्याच्या हातोड्याने हंड्याची वाट सोडली नव्हती.

त्याची मुलगी हौसा रोज दुपारी त्याला भाकरी घेऊन जायची. आज आबांनी भाकरीला हात लावला नाही. हौसाने काय झालं ते विचारलं, ऐकलं आणि पदर खोचून तडक दरबार गाठला.

"महाराज, पंतांनी सोनवळहून समदं आणलं, पर एक चीज तिथंच राहिली. म्हनून हितं नवं निघत न्हाई."

पंत ताडकन उठले. "अशक्य! भट्टीची वीट न् वीट मोजून आणलीय मी."

"कोणती चीज, पोरी?" राजांनी विचारलं.

"सांगते की. खोटी ठरले तर आम्ही आजच गड उतरू. पर आदी महाराजांनी आपल्या हातानं एक भाकरी थापावी."

दरबारात कुजबूज झाली. राजे मात्र मिशीला पीळ देत म्हणाले, "माजलेला हत्ती माणसाळवलाय आम्ही. भाकरी ती काय! आणा परात."

परात आली, चूल पेटली, जोंधळ्याचं पीठ आलं. राजांनी अंगरख्याच्या बाह्या सारल्या. पहिली भाकरी उचलतानाच फाटली. "पाणी कमी पडलं," राजे पुटपुटले. दुसरीला पाणी इतकं झालं की ती परातीलाच चिकटली. तिसरी तव्यापर्यंत पोचली, पण उलटताना तिचे दोन तुकडे झाले. सरदार मंडळी जमिनीकडे बघत हसू गिळत होती. राजांच्या कपाळावर पीठ, मिशीवर पीठ. पण आता ते इरेला पेटले होते. चौथी भाकरी त्यांनी जपून थापली, हलकेच तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली आणि निखाऱ्यावर धरली. भाकरी टम्म फुगली!

"बघा, बघा!" राजे लहान मुलासारखे नाचायचेच बाकी राहिले.

तोवर हौसाने बिघडलेल्या तिन्ही भाकऱ्या निखाऱ्यावर कडक करून सुतळीत ओवल्या होत्या. ती पुढे झाली. "महाराज, जरा मान वाकवा."

"हे काय?"

"मोडीचा हार. तीन बिघडल्या न्हवं? गडाचा रिवाज हाय. गळ्यात बांधून बाजारातनं फिरायचं."

पहाऱ्यावरच्यांचे हात तलवारींवर गेले. राजे गरजले, "वेडी का खुळी तू? त्या तीन बिघडल्या म्हणून तर ही चौथी फुगली!"

"मग माझ्या आबाची चौथी कुठनं यावी, महाराज? त्याची तर पहिलीच गळ्यात पडती."

राजांनी हातातल्या भाकरीकडे बघितलं, मग सुतळीकडे. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "आणि सोनवळला राहिलेली ती चीज?"

"उकिरडा," हौसा म्हणाली. "माझी मावशी तिथल्या कारखान्यामागं ऱ्हाती. मागल्या अंगनात बिघडल्या भांड्यांचा माणूसभर उंच ढीग हाय. ल्हानपनी आम्ही त्याच्यावर लपंडाव खेळायचो. पंतांनी कारखाना पुढनं बघितला, मागनं बघायचा राहिला."

"राहिला कसा? पाहिला ना मी तो ढीग!" पंत तावातावाने म्हणाले. "नाकाला उपरणं लावून पाहिला. वर त्यांना बजावलंही, एवढी घाण ठेवू नका म्हणून!"

मग मात्र गंभीरराव जे हसत सुटले ते आवरेनात. त्यांनी हौसाच्या हातून सुतळी घेतली, पिठाळलेल्या हातांनीच नवलखान्याच्या मागल्या अंगणात गेले आणि तो भाकऱ्यांचा हार मोकळ्या जागेत मधोमध ठेवला. "ढिगाचा पहिला मान आमचा," ते म्हणाले. "दुसरी चीज धोंडबाने टाकावी. आणि पंत, हे अंगण आजपासून हौसाच्या नावे इनाम. इथे झाडू मारायचा तर तिला विचारून."

त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून हौसाला दिलं. ते घेऊन ती घरी निघाली, तोवर नवलखान्यातून हातोड्याचे ठोके ऐकू येऊ लागले होते. थोड्या वेळाने एक वाकडीतिकडी झारी खिडकीतून उडत आली आणि खणकन अंगणात पडली.