शास्त्रीबुवांचा ‘अहा’

सोनगिरीच्या दरबारात रीतच अशी होती, की ज्याच्या कवनात दोष निघेल त्या शाहिराने आपला डफ राजांपुढे ठेवायचा आणि पुन्हा गायचं म्हणून नाही. त्या दिवशी गेनू शाहीर आपल्या बायकोवर, भिवरावर, लावणी गात होता. भिवराचा डावा पाय जन्माचाच आखूड. चिकाच्या पडद्याआड बसून ती ऐकत होती आणि लाजून पदर चावत होती.

“थांबा,” दरबारचे नीलकंठशास्त्री गरजले. “ओळी इवल्याशा, त्यातही एक पुरती, तर दुसरी ठोक्याने तोकडी. हे कवन लंगडं आहे. तोकड्या ओळीत एक ‘अहा’ भरा, की बसलं.”

गेनूने डफ खाली ठेवायला घेतला. तोच भिवरा पडद्याबाहेर आली.

“सरकार, लावणी माझ्यावर आहे. मी चालते, मग ठरवा.”

गेनू गायला. पुरत्या ओळीला तिचा उजवा पाय पडला, तोकडीला डावा. मोरणीसारखी डुलत ती सिंहासनापाशी पोचली.

“आता तुम्ही गा, शास्त्रीबुवा.”

शास्त्रीबुवांनी सूर लावला. पहिल्याच ‘अहा’ला भिवरा आखूड पायावर ताटकळली आणि तोल जाऊन तिने त्यांचंच उपरणं धरलं.

“तुमची ओळ लई देखणी आहे, बुवा,” ती सावरत म्हणाली. “पण त्या ओळीवर जी बाई चालत येईल, तिला मी माझ्या घरात घेणार नाही.”

त्यावर राजांच्या तोंडून एकच शब्द निघाला, तोही शास्त्रीबुवांचाच.

“अहा!”