दीपमाळेवरून मुंगळा

"दादा खोटं बोलला होता का?"

हा प्रश्न हिरामणनं पहिल्यांदा स्मशानात विचारला, तेव्हा मामानं नुसता पाठीवरून हात फिरवला. राख सावडताना विचारला, तेव्हा चुलते नदीकडे बघत राहिले. दहाव्याला डोकं भादरून घेताना न्हाव्यालाही विचारला. न्हावी म्हणाला, "मान हलवू नको. कापेल."



तेरावं उरकलं आणि दुसऱ्या सकाळी तो रंगनाथ गोसाव्यांच्या मठाची टेकडी चढला. चढला कसला, धावतच सुटला. चपला न काढता ओट्यावर गेला. रामराम नाही, नमस्कार नाही. भरल्या मंडळींत त्यानं तो प्रश्न गोसावीबाबांच्या तोंडावर फेकला.

बाबा गूळ-शेंगदाणे वाटत होते. त्यांचा हात थांबला.

"बस," ते म्हणाले.

"बसायला नाही आलो."

"मग उभ्यानं शेंगदाणे खा. येसूबाईचं नवल अर्धं राहिलंय. ते ऐकू, मग तुझं."

या मठाची रीतच तशी होती. इथे देवाला नारळ चालत नसे, हार चालत नसे. गुरुवारी येणाऱ्यानं एक नवल आणायचं. नवल म्हणजे जगातली अशी एखादी गोष्ट, की ऐकणाऱ्याच्या भुवया कपाळात जाव्यात, आणि तरी ती खरी असावी. सगळ्यांना पटलं की बाबा टाळी वाजवत आणि सांगणाऱ्याच्या हातावर गुळाचा मोठा खडा ठेवत. पटलं नाही तर नवल लटकायचं. कुणी करून दाखवीपर्यंत ते ना खरं, ना खोटं.

"हार त्याच्याच बागेतला," बाबा म्हणत. "तो त्यालाच घालून कसली फुशारकी? त्याची करणी बघून तोंडाचा आ वासा. तेवढंच त्याला पुरतं."

तर येसूबाई सांगत होती.

"डास चावतो म्हणतो ना आपण, तो डास नव्हेच. चावते ती मादी. नर कुणाला चावत नाही. फुलांचा रस पितो नि नुसता गुणगुणत हिंडतो."

"आणि काम?" कुणीतरी विचारलं.

"काही नाही. आमच्या घरचे होते ना, तसंच."

ओटा हसून हसून लोळला. बाबांनी टाळी वाजवली. हिरामणच्याही ओठाचा कोपरा हलला, आणि तो हलला याचाच त्याला असा राग आला की त्यानं मुठीतले शेंगदाणे अंगणात भिरकावले.

"दादाला जाऊन पंधरवडा नाही झाला, आणि तुम्ही हसताय!"



"तुझा दादा होता, तेव्हाही आम्ही हसायचो," बाबा म्हणाले. "त्याच्यामुळंच तर जास्त."

ते खरं होतं. हिरामणचा दादा, सोपान, या मठाचा लाडका. कड्याकपारीतली मोहोळं काढायची, मध बाटल्यांत भरून बाजारात विकायचा, हा त्याचा धंदा. बाटल्या गुंडाळायला रद्दी आणायचा आणि गुंडाळण्याआधी ती सगळी वाचून काढायचा. फुलपाखरू पायांनी चव घेतं, हे नवल त्यानंच आणलं होतं. त्यावर पुढचे चार गुरुवार तात्या पोतदार जेवताना भातात पाय घालायची धमकी देत होते. आपल्या अंगावर पडणारं ऊन ताजं नसतं, सूर्यापासून निघून त्याला आठ मिनिटं झालेली असतात, हेही सोपाननंच सांगितलं. "तरीच माझे पापड वाळत नाहीत," येसूबाई तेव्हा म्हणाली होती. "शिळं ऊन देतोय मेला!"

त्याची सगळी नवलं पटली. शेवटचं तेवढं पटलं नाही.

मुंगी कितीही उंचावरून पडली तरी तिला काही होत नाही, असं तो म्हणाला होता.

"काहीतरीच!" तात्या पोतदार म्हणाले होते. तात्या सोनार. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आणि दगडावर घासल्याशिवाय कशाला खरं म्हणायचे नाहीत. "माळ्यावरून नारळ पडला तर फुटतो. मुंगीचा जीव तो केवढा?"

"पुढच्या गुरुवारी दाखवतो, तात्या."

"दाखव. तोवर लटकलं."

लटकलं ते लटकलंच. पुढचा गुरुवार यायच्या आत मोठ्या कड्यावरचं मोहोळ उतरवताना सोपानचा दोर तुटला.

आणि स्मशानात, चितेला अग्नी द्यायच्या वेळी, हिरामणच्या मागे कुणीतरी हळूच बोललं, "पडून मरत नाही म्हणायचा... घ्या, बघा आता."

हिरामणनं गर्रकन वळून पाहिलं. सगळ्यांच्या माना खाली. कोण बोललं ते कळलं नाही. तेव्हापासून ते वाक्य बाभळीच्या काट्यासारखं त्याच्या कानात मोडून बसलं होतं.

"बोला ना, बाबा! खरा का खोटा?"

"तुला काय वाटतं?"

"मी चौथी नापास. माझ्या वाटण्याला कोण विचारतंय?"

"मी विचारलं की आत्ता."

हिरामणनं नाक ओढलं. मग म्हणाला, "दादा मला कधी खोटं बोलला नाही. पण मुंगीचं... मला माहीत नाही."

"मग झालं. मलाही तेवढंच म्हणता येईल."

"म्हणजे तुम्हालाही माहीत नाही? एवढे मोठे गोसावी तुम्ही!"

"अरे हिरामण!" तात्या ओरडले. "जीभ आवर."

बाबांनी हातानंच तात्यांना थांबवलं. "असं धर, मी म्हणालो, 'खरा होता.' लोक काय म्हणतील? बाबा गेलेल्या पोराची कड घेतात. आणि घरी गेल्यावर तूही तेच म्हणशील."

हिरामण उभा राहिला तसाच. हाताच्या मुठी उघडत होत्या, मिटत होत्या...

मग तो खाली वाकला. ओट्याच्या कडेला सांडलेल्या गुळाच्या चुऱ्यावर काळे मुंगळे जमले होते. त्यानं तो चुरा मुंगळ्यांसकट मुठीत घेतला आणि चालू लागला.

"कुठं निघालास?"

"वर."

अंगणाच्या मधोमध दीपमाळ होती. देवळाच्या कळसाशी बरोबरी करणारी, दगडी. दिवे ठेवायला बाहेर आलेले दगड धरत माणसाला वर जाता येई; पण त्रिपुरी पौर्णिमेशिवाय कुणी जात नसे, आणि तेव्हाही कमरेला दोर बांधून.

हिरामणनं चपला भिरकावल्या आणि दोर-बिर न बघता पहिल्या दगडावर पाय ठेवला.

"बाबा, त्याला आवरा!" येसूबाई उठलीच. "एक गेला, आता दुसरा चाललाय."

बाबा ओट्यावरून उतरले. दीपमाळेपाशी आले. सगळ्यांना वाटलं, पोराला धरून खाली ओढतील.

"हिरामणा," त्यांनी हाक मारली, "काळ्या फरशीवर काळा मुंगळा पडला, तर आम्हाला दिसणार कसा?"

हिरामण थांबला. याचा त्यानं विचारच केला नव्हता.

"तात्या," बाबा म्हणाले, "ते उपरणं सोडा."

"नवं आहे, बाबा. पहिल्यांदा घातलंय."

"मुंगळा काय नेसून जाणार आहे का?" येसूबाईनं ते त्यांच्या खांद्यावरून ओढलंच. दोघांनी कोपरे धरून ते ताणलं.

"हां हां, असं नाही!" तात्यांचा सोनार जागा झाला. "धरून ठेवलं तर झेलल्यासारखं होईल. ही परीक्षा नव्हे. खाली टेकवा. सरळ फरशीवर."

पांढरंशुभ्र उपरणं फरशीवर अंथरलं. हिरामण वर सरकत गेला. मुठीतले मुंगळे त्याला कडकडून चावत होते. त्यानं मूठ सोडली नाही. पार वरच्या दगडावर पोचला, एका हाताचा दीपमाळेला विळखा घातला, आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीत एक मुंगळा धरून सोडला.

सगळ्यांच्या माना वर. मग खाली. मग एकमेकांकडे.

"पडला का?"

"दिसला नाही बाई."

"वाऱ्यानं नेला."

"अगं आई गं!" येसूबाई एकदम नाचायला लागली. पदर झटकला, मान झटकली. "चावला! मेला मानेला चावला!"

"म्हणजे जिवंत आहे!" बाबा लहान पोरासारखे उड्या मारत म्हणाले.

"पुरावा नाही," तात्यांनी बोट वर केलं. "तो आधीपासून येसूबाईंच्या अंगावर नव्हता कशावरून?"

"माझ्या अंगावर मुंगळे असतात, तात्या?"

"गुळाच्या शेजारी बसला होतात ना."

वरून हिरामणचा आवाज आला. "दुसरा सोडतोय! नीट बघा!"

वारा पडला होता. दुसरा मुंगळा सरळ खाली आला. काळा ठिपका, उपरण्याच्या अगदी मधोमध.

तो हलला नाही.

पाय पोटाशी घेऊन आडवा पडून राहिला...

बाबा गुडघ्यांवर बसले, मग कोपरांवर टेकले. त्यांचं नाक उपरण्याला लागायचं बाकी राहिलं. दुसऱ्या बाजूनं तात्या तसेच वाकले. दोघांची टकली एकमेकांवर आपटली, तरी कुणी हललं नाही.

"काय झालं?" वरून हाक आली.

कुणी बोलेना.

"सांगा ना! मेला का?"

येसूबाईनं पदर तोंडात धरला. आता काही बोलायची सोय नव्हती. त्या पोरानं गेले कित्येक दिवस एकच विचारलं होतं, आणि उत्तर तिथे पांढऱ्या कापडावर आडवं पडलं होतं.

...

मुंगळ्याची एक मिशी हलली.

मग दुसरी. मुंगळ्यानं पाय सरळ केले, उठून उभा राहिला, पुढच्या पायानं तोंडावरून हात फिरवल्यासारखं केलं, आणि बाजाराला उशीर झालेल्या माणसासारखा तरातरा चालायला लागला.

पहिली आरोळी तात्यांचीच.

"चालला! अरे चालला रे! हा बघा, चालला!" त्यांनी फरशीवर सपशेल लोटांगण घातलं. "सोपाना, हरलो रे बाबा! तुझं नवल बावनकशी निघालं!"

बाबांनी टाळी वाजवली. एक नाही, वाजवतच राहिले. येसूबाईनं हाताला लागले तेवढे शेंगदाणे उधळले. मुंगळा उपरण्याच्या काठाशी पोचून उतरायला लागला, तर तात्यांनी त्याच्यापुढे गुळाचा सगळ्यात मोठा खडा ठेवला आणि त्याला हात जोडले.

"टाक रे सगळे!" बाबा ओरडले. "होऊ दे पाऊस!"

हिरामणनं मूठ उघडली. काळे ठिपके सरसरत खाली आले. काही उपरण्यावर, काही फरशीवर, काही तात्यांच्या उघड्या पाठीवर. पडले, थबकले, उठले, चालले. तात्या ओरडत अंगणभर पळाले, येसूबाई त्यांच्या मागे टाळ्या पिटत, "आता पटलं? आता बसला का पुरावा?"

वर हिरामण हसत होता. आधी नुसता फुसफुसला, मग मोकळा, पोट धरून. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते त्यानं पुसलं नाही. एक हात दीपमाळेला, दुसरा पोटाला; पुसायला हात रिकामा होता कुठे? मग एकाएकी त्याचा दीपमाळेचा विळखा सुटला. तो वरच्या दगडावर ताठ उभा राहिला, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि खाली गावाकडे, नदीकडे, स्मशानाकडे तोंड करून छाती फुटेस्तोवर ओरडला:

"सोपान मोहोळवाल्याचं नवल! खरं! ऐका रे... खरं होतं! माझा दादा खरा होता!"

नदीवर कपडे धुणाऱ्या बायांनी माना वर केल्या. बांधावरचा एक बैल हंबरला. हिरामणनं पुन्हा तेच ओरडून सांगितलं, मग पुन्हा. घसा बसेपर्यंत.



त्यानं खाली पाहिलं. एवढंसं उपरणं. त्यावर एवढेएवढेसे ठिपके, आपापल्या कामाला निघालेले.

"बाबा..." त्याचा आवाज अगदी बारीक झाला. "हे सगळे उठले. एवढ्या वरून पडून उठले. मग माझा दादा..."

तो दोन्ही हात मोकळे सोडून, तसाच वर उभा.

बाबा फरशीवरून उठले. दीपमाळेच्या बुडाशी गेले. म्हातारे दोन्ही हात जमतील तेवढे वर केले.

"उतर आता, लेका," ते म्हणाले. "एकेक दगड धरून. हळू... तू मुंगी नाहीस."